लुगड्याला लागलेली फक्की

मंगळवार, दिवेलागण

माझ्या नातीने, प्राचीने, आज कुडपणच्या आमच्या उतारावर नव्या घराचा नकाशा पांढऱ्या फक्कीने आखला. कालची पोर, पण रेघा कशा सरळ! लय कौतुक वाटलं. पण माझी खोली बघितली, तर हे कोंबड्यांचं खुराडंच. खालच्या अंगाला उतार, म्हणजे खोली वाढवायची ती सुनेच्या स्वयंपाकघरातूनच. सगळी चहाला गेली नि मी मधल्या भिंतीच्या रेघेवर ठोकलेल्या खुंट्या उपटून दोन विती पलीकडे ठोकल्या. जुनी रेघ पायाने पुसली, मूठभर फक्कीने नवी ओढली.

मग सुरेखा, माझी सून, जागा पुरते का बघायला आखलेल्या स्वयंपाकघरात बसून खोटी खोटी भाकरी थापायला लागली. कोपर रेघेबाहेर!

प्राची म्हणाली, "मम्मी, मघाशी तर नीट मावत होतीस गो!"

"असूं दे. आजीकडे चार बायका येऊन बसतात, तिची खोली ऐसपैस हवी."

 तेव्हाच खरं का नाय सांगितलं मी?

घरी येताना सुरेखाने वाकून माझ्या लुगड्याचा काठ झटकला. "आई, फक्की लागलीय." एवढंच बोलली. तिला कळलं असेल? कळलंच.

लुगडं धुऊन वाळत घातलंय, तरी काठाकडेच डोळा जातोय. उद्या पाया खणायच्या आधी खुंट्या मागे घेणार. सुरेखाच्या समोर घेणार, चोरून नाय.