झिलीच्या जागी

निमगाव केतकी
दि. ९ फेब्रुवारी १९९७

चि. रामहरी,

दाजीचा आशीर्वाद. घ्यायचा नसला तरी पत्र फाडू नकोस, आधी वाच. इकडे ठीक. शेरडं चार राहिली, गुडघे दुखतात, सारजा संक्रांतीला माहेरी येऊन गेली. लोणी देवकरच्या कारखान्यात तुला पाळी कोणती असते ते कुणी नीट सांगत नाही. जेवणाची आबाळ करू नकोस.

गेल्या जूनमध्ये इंदापूरच्या स्टँडवर एका जीपमध्ये आपल्या ओव्या वाजत होत्या. दुकानात भरलेली कॅसेट, वर कुणा सिनेमातल्या जोडीचं चित्र, आपलं नाव कुठंच नाही. ड्रायव्हरला म्हटलं, "ह्यो आवाज माजा हाय." तो म्हणाला, "व्हय आबा, आन् जीप बी तुमचीच. सरका." गळा आपला आणि आपल्यालाच सरका म्हणतात. फार राग आला.

पण सरकलो नाही. तिसऱ्या ओवीनंतर माझी ओळ उचलून तू झील ओढतोस ना, त्या जागी तुझा आवाज नव्हताच. साखरबाई बोलत होती. "आवो, किती येळ त्येच त्ये? जेवाय उठा, भाकरी गार व्हतीया." मग खट्ट, आणि पुन्हा ओवी.

तुझी बहीण, रामहरी. तिला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

आपल्या ओव्यांच्या दोनच कॅसेटी होत्या, एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. कॅसेटच्या कडेचा तुकडा मोडला की वर काही भरत नाही. माझ्या कॅसेटचा तो मोडायचा राहिला होता. ती टेप बंद करायला गेली आणि तिनं भलतीच बटणं दाबली असणार. म्हणजे बाजारात गेली ती माझी कॅसेट.

आता लपवलेलं सांगतो. बारामतीच्या दुकानात ती मीच नेली होती. सारजाला सासरी एक हवी होती, पुढं टेपात गुंतून तुटली ती. "एकच भर," म्हणालो, समोर बसून भरून घेतली आणि खुशाल घरी आलो. आत दुसऱ्या मशीनवर काय चाललंय ते मला काय कळणार! पण पुढं, साखर असतानाच, आपल्या ओव्या बाजारात विकल्या जातात असं कानावर आलं, तेव्हा तुझ्याकडे बोट दाखवताना हे दुकान मला आठवत होतं. तरी भर बाजारात तुला चोर म्हणालो. घरी येऊन रागानं माझी कॅसेट चुलीत घातली. साखर म्हणत होती, "रामहरीनं न्हाय दिली, ऐका तरी." मी तिला बोलूच दिलं नाही. तिच्या दहाव्याला तू आलास आणि पाणीही न पिता गेलास.

हे कळून आठ महिने झाले. लाजेनं लिहिलं नाही. ती कॅसेट जीपवाल्याकडून हात जोडून मागून घेतली. घरात एकटाच असतो, रोज तेवढंच लावतो. भरणाऱ्याला शिव्या घालायला बसतो, तर तिचा आवाज त्यानंच ठेवलाय. मी जाळला होता. सोबत तुला एक पाठवतोय. तीही भरूनच घेतली, काय करू!

येत्या बाजाराला, जिथं तुला बोललो तिथंच उभा राहून सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. तू ये अगर नको येऊस.

जत्रेत अजून गातो. ओवी म्हणतो आणि झिलीची जागा आली की गप्प होतो. लोकांना वाटतं, म्हातारा पुढचं विसरला. मी तुझी वाट बघत असतो.

तुझा दाजी,
म्हस्कू