स्पंज एक बोट लांब

दि. ३ जून २०२०

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो, तुला त्यातलं अर्धंच ऐकू येतं आणि तेवढ्या अर्ध्यावरून तू माझ्याशी भांडतेस. म्हणून यापुढे रागात असलो की पत्रच लिहायचं, हा तुझा हुकूम मान्य. हे पत्र उघडण्याआधी साथीच्या भीतीनं तू गॅलरीत चिमटा लावून वाळत घालणार, हेही ठाऊक आहे. तोवर माझा राग निवेल असं तुला वाटत असेल तर ती आशा सोड.

कॉलेज अर्ध्यावर सोडल्याबद्दल बाबा काय म्हणतात ते कळवू नकोस, ते स्वतःच रोज कळवतात. मामानं मला त्याच्या हाताखाली गोल्फच्या मैदानावर लावून घेतलंय. सकाळी गवत कापायचं, दव झाडायचं, खळग्यांच्या कडा नीट करायच्या. काम झकास आहे. माणसं तेवढी डोक्यात जातात.

साथीमुळे आता कुणी झेंड्याच्या काठीला हात लावायचा नाही की चेंडू काढायला खळग्यात हात घालायचा नाही. त्यावर समितीत दोन मतं पडली. अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, म्हणाले की खळग्यातलं प्लास्टिकचं भांडं थोडं वर ओढून ठेवा. चेंडू त्याला लागला की आत गेला समजायचं. चिटणीस म्हणाले, छे, खळग्यात स्पंज घाला म्हणजे चेंडू वरच्या वर अडकेल. तिथे टिकला तरच आत. दोघांचाही मान राखायचा म्हणून मैदानाच्या पहिल्या अर्ध्या भागात डॉक्टरांचा नियम आणि दुसऱ्या अर्ध्या भागात चिटणिसांचा. हसू नकोस, मी हे रोज भोगतो.

परवा एका गृहस्थांचा चेंडू भांड्यावर असा आपटला की उडून थेट तळ्यात. नियमानं तो आत! त्यांच्याविरुद्ध खेळणारे म्हणाले, आत असेल तर तळ्यातून आतच जाऊन आणा. शाळेपासूनची दोस्ती त्यांची; आता दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसतात आणि निरोप माझ्यामार्फत पाठवतात.

या भांडणांना कंटाळून समितीनं ठरवलंय की रविवारच्या अंतिम सामन्यात शेवटच्या हिरवळीवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवतापाशी, एक साक्षीदार बसवायचा. तो कुणाचा नातलग नको, ओळखीचा नको. म्हणून मला बसवताहेत. सामना आहे डॉक्टर विरुद्ध डावखुरी.

डावखुरीबद्दल तुला सांगितलेलं नाही. औषधांच्या दुकानात काम करते, डाव्या हातानं खेळते, म्हणून सगळे तिला तसंच म्हणतात. आत्या, मी तिचा अर्धाच चेहरा पाहिलाय, मास्कच्या वरचा, आणि तेवढ्यावर माझी झोप उडालीय. डोकं दुखत नसताना डोकेदुखीच्या गोळ्या आणतो. तिच्यासाठी तिचा चेंडू तळ्यात गेला तरी मी आत म्हणेन. आता तू काय म्हणतेस?

उत्तराची वाट बघतोय. राग केलास तरी चालेल, अबोला नको.

तुझा,
ठिणगी


दि. ६ जून २०२०

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

पत्र वाळलं, तुझा राग नाही वाळला. तुझ्या काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगा गोळ्या खातो की नुसत्या साठवतो ते विचार. साठवत असशील तर इकडे पाठव. तुझी पत्रं ऐकून त्यांचं डोकं खरंच दुखतं.

अर्ध्या चेहऱ्यावर भाळलास ते ठीक. खालच्या अर्ध्यात मिशा निघाल्या म्हणजे?

आता नीट ऐक. मी व्हॉलीबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून रेषेवर बसायचे, हे तुला माहीत आहे. तिथे एवढंच शिकले: डोळा चेंडूवर ठेवायचा, माणसांच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंडाकडे बघितलं की चेंडू हवा तिथे पडलेला दिसायला लागतो. तिच्यासाठी खोटं बोललास तर ती जिंकेल, मान्य. पण त्या कपाकडे बघताना तिला दर वेळी तुझी आठवण येईल, आणि ती बरी नसेल. बाकी तू जाण आणि तुझं तापलेलं डोकं जाणे.

दुसरं सांगायचं म्हणजे, बसण्याआधी खळगा स्वतः तपासून घे. मी आधी जाळीची उंची बघायचे, मग खुर्चीवर चढायचे.

तुझ्या बाबांशी मी बोलले. ते निम्मं ऐकतात, मी निम्मं ऐकते, त्यामुळे आमचं छान जमतं.

जेवत जा, ओरडणं कमी कर. माझा जीव तुझ्यात आहे हे मुद्दाम सांगत नाही, डोक्यावर बसशील.

तुझी,
आत्या


दि. ९ जून २०२०

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं आणि सामना रविवारी होऊन गेला. टपालखात्याशी मी भांडून आलोय, पण त्याचा काही उपयोग नाही.

शेवटच्या हिरवळीपर्यंत दोघं बरोबरीत होते. ती हिरवळ चिटणिसांच्या भागातली, म्हणजे स्पंजाची. डॉक्टरांचा चेंडू खळग्यापासून वीतभर अंतरावर थांबला. इथली रीत अशी की समोरच्यानं झाला समजा म्हटलं, तर तेवढा शेवटचा ठोका मारावा लागत नाही. डावखुरीनं तसं म्हटलं. मोठ्या मनाची आहे, मी सांगत होतो ना. मग तिची पाळी. आत गेला तर बरोबरी आणि पुढे आणखी एक खळगा. नाही तर डॉक्टर विजेते.

तिनं इतका सरळ ठोका मारला की मी स्टुलावरून अर्धा उठलो. चेंडू खळग्याच्या मधोमध आला, स्पंजावर चढला, क्षणभर उभा राहिला आणि सावकाश पलीकडे उतरला. साध्या खळग्यात तो डोळे मिटून आत पडला असता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीही. तुझं पत्र हातात नव्हतं, तरी कोण जाणे कसं, मी चेंडूकडेच बघत होतो. टिकला नाही, असं म्हणालो. आवाज माझाच होता, पण ऐकताना दुसऱ्याचा वाटला. डॉक्टरांना टाळ्या मिळाल्या. ती माझ्या शेजारून गेली ती वाटेत झाड असावं तशी.

सगळे गेल्यावर मी तो स्पंज उपटून काढला आणि बाकीच्या खळग्यांतल्या स्पंजाशेजारी धरून बघितला. एक बोट लांब! तो मीच कापला होता, शनिवारी, छपरीत बसून. पोहायला शिकणाऱ्यांच्या त्या फोमच्या लांब रंगीत नळ्या असतात, त्यांतून कापतो आम्ही. कापताना माझं लक्ष कुठे होतं हे तुला सांगायला नको. स्पंज थेट काठाला टेकला होता. चेंडूला बसायला खाच म्हणून नव्हतीच.

तसाच स्पंज हातात घेऊन समितीच्या खोलीत घुसलो आणि ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही. मामाला आठवतं, पण तो सांगत नाही. चिटणीस म्हणाले, मुलगा प्रेमात आहे, पाणी द्या याला. म्हणजे सगळ्या मैदानाला माहीत होतं! डॉक्टर मात्र उठले, माझ्या हातातून स्पंज घेतला आणि हिरवळीकडे चालू लागले. तो परत खळग्यात बसवायला लावला आणि स्वतः वीतभर अंतरावरून चेंडू ढकलत बसले. एकही टिकला नाही. शेवटी घाम पुसत म्हणाले की डावखुरीनं माझा ठोका सोडला नसता, तर मी अजून इथेच असतो.

निकाल काय लागतो ते कळवीन. माझी नोकरी राहिली तर तेही. माझ्यावरची माया आवरती घेऊ नकोस, सध्या तिची टंचाई आहे.

तुझा,
ठिणगी


दि. १३ जून २०२०

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराला थांबलो नाही, कारण थांबलो तर फुटेन.

नोकरी राहिली. स्पंज कापायचं काम मात्र मामानं स्वतःकडे घेतलं. डॉक्टरांनी हट्ट धरला की असा कप मला नको, शेवटचा खळगा पुन्हा खेळू. चिटणीस नाही म्हणत होते, पण नियम त्यांचा आणि स्पंजही त्यांचा, त्यामुळे त्यांना मान्य करावं लागलं. उद्या नाही, पुढच्या रविवारी, २१ तारखेला खेळायचंय. इथपर्यंत सगळं छान.

आणि मग या डावखुऱ्या बाईसाहेबांनी काय करावं? समितीकडे लेखी हरकत घेतली, माझ्याविरुद्ध! सूचनाफलकावर लावलीय, येणारे-जाणारे वाचून माझ्याकडे बघतात. शब्द न् शब्द पाठ झालाय, तुझ्यासाठी उतरवतो: "साक्षीदार बदलावा ही विनंती. खेळाडूच्या ओळखीचा माणूस साक्षीदार नसावा असं समितीनंच ठरवलं आहे, आणि हे गृहस्थ आता माझ्या ओळखीचे आहेत."

कुठली ओळख? काचेपलीकडून गोळ्या देण्याची? तिनं आजवर मला एकदाही हाक मारलेली नाही. मी तिच्या विरुद्ध खरं बोललो, मग तिच्या बाजूनं खरं बोललो, अख्ख्या समितीसमोर अब्रू घालवली, आणि तिचा माझ्यावर विश्वास नाही! मी दुकानात जाणं सोडलंय. डोकं खरंच दुखतंय, पण जाणार नाही.

काकांच्या गोळ्या उरल्या असतील तर पाठव. माया वगैरे नेहमीसारखी असू दे.

तुझा,
ठिणगी


दि. १६ जून २०२०

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तुझं हे पत्र मी वाळत घातलं नाही, पाकीट पुसून लगेच उघडलं. वाचून काकांना दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, या मुलानं कॉलेज सोडलं की कॉलेजनं सुटका करून घेतली?

अरे शहाण्या, ज्या साक्षीदारामुळे तिला पुन्हा खेळायला मिळतंय, त्यालाच ती उठवायला सांगते. खेळाडू असं कधी करतो? तू तिच्या विरुद्ध जाशील अशी भीती असती तर तिनं तसं लिहिलं असतं. तू डॉक्टरांच्या बाजूचा आहेस असं लिहिलंय का तिनं? तू तिच्या ओळखीचा आहेस, असं लिहिलंय. आणि "आता" लिहिलंय. म्हणजे आधी नव्हतास, स्पंज घेऊन ओरडलास त्यानंतर झालास. तेही तुला एकट्याला गाठून सांगितलं नाही; फलकावर लावलं, साऱ्या मैदानाला वाचायला. याहून स्पष्ट कसं सांगायचं पोरीनं? ढोल वाजवून?

मी रेषेवर बसायचे तेव्हा एका सामन्याला मलाही अशीच हरकत घेऊन उठवलं होतं. हरकत घेणारा खेळाडू आत्ता माझ्या शेजारी बसून तुझ्यासाठी गोळ्या मोजतोय.

रविवारी दाढी करून जा. दोरीच्या बाहेर उभा राहा आणि कुणाशी भांडू नकोस. हे पत्र वेळेत मिळावं म्हणून काका ते स्वतः टपालात टाकायला निघालेत, चप्पल शोधताहेत.

पुढचं पत्र राग नसताना लिहून बघ, मला सवय नाही पण वाचीन.

तुझी,
आत्या


दि. २१ जून २०२०

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. काकांना चप्पल सापडली, त्याबद्दल त्यांचे आभार.

दाढी केली. दोरीच्या बाहेर उभा राहिलो. स्टुलावर माझ्या जागी मामा होता. डॉक्टरांनी आपला चेंडू खळग्यात बसवला. तो टिकला आणि ते लहान मुलासारखे खूश झाले. मग तिची पाळी. ठोका मारायला वाकली आणि सरळ झाली. मास्कनं चष्म्यावर वाफ येत होती. तिनं मास्क काढून खिशात ठेवला, एकदा दोरीकडे बघितलं आणि परत वाकली.

मिशा नाहीत, आत्या.

मैदानभर केवढा तरी गलका उठला. सगळे काहीतरी बोलत होते, मामा हात वर करून ओरडत होता. चेंडू टिकला की उतरला, कप कुणाला मिळाला, ते चिटणिसांना विचारून पुढच्या पत्रात कळवतो. तिची हरकत अगदी बरोबर होती. मला ते सांगता यायचं नाही, मी चेंडूकडे बघतच नव्हतो.

काकांना नमस्कार. तुला अर्धा नको, पूर्ण.

तुझा,
ठिणगी