इंजिन बदलू नये, उघडावे

हे लिहायला मी अकरा दिवस लावले. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेन होतं, पण वॉर्डाच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन रंगारी दोरीच्या झुल्यावर बसून एकाच ब्रशवरून भांडत होते, ते बघण्यात दुपार गेली. उरलेले नऊ दिवस सबब नाही, नुसती लाज होती. उद्या सकाळी माझ्या पाठीतली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात घाबरू नका, पण सही मात्र सगळ्याच शक्यतांवर घेतात.

तर मी, वय सव्वीस, शाळा नववीपर्यंत नीट आणि पुढे कशीबशी, घरचे ज्याला भिंगरी म्हणतात तो, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नाही तर आपल्या मनाने हे लिहून ठेवतो. मी उद्या उठलो नाही, तर हा कागद मामाच्या हाती द्यावा.

एक. घर नाही. भाड्याची खोली सोडावी. दारामागचा कोट घरमालकीणबाईंचा आहे. मी तो दोन हिवाळे आपला म्हणून वापरला.

दोन. तंबू आणि पाठपिशवी ताईला, म्हणजे मामाच्या मुलीला. तंबूची एक काठी वाकडी आहे. ती कशी वाकली ही गोष्ट भारी आहे, पण इथे नको.

तीन. पान्यांची पेटी गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना परत. परत, कारण त्यातले निम्मे पाने त्यांचेच.

चार. गाडी. मामाच्या वडिलांची जुनी गाडी, इंजिन मूळचं, दोन वर्षांपासून जाम. मामाने ती गेल्या वर्षी माझ्या नावावर केली. "तुझा जीव आहे तिच्यावर," म्हणाला. मी मान खाली घातली. त्याला वाटलं, पोराला भरून आलं.

आता तो दर फोनला विचारतो, "भिंगरी, गाडी तुझी, बोल. इंजिन बांधायचं की बदलायचं?"

मी म्हणतो, "बदल रे मामा. भंगारवाल्याकडे तयार इंजिन आहे, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. जुनं बांधायचं म्हणजे ब्लॉक बोअर करा, क्रँक घासून आणा, पिस्टन शोधत फिरा. सहा महिने गेले."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण बांधायचं तर इंजिन आधी उघडावं लागतं, आणि उघडलं की मी सापडतो.

झालं असं. मिस्त्री मामाचे तीस वर्षांचे दोस्त, आणि मी त्यांच्या हाताखाली काम शिकत होतो. त्यांनी इंजिनाची टकटक घालवायला टॅपेट जुळवून गाडी दिली. मला तरी टकटक ऐकू येत होती. नव्हती, पण मला येत होती. मामा बाहेर गेल्यावर मी इंजिनावरचं झाकण काढलं. नट आत पडू नये म्हणून मिस्त्री तेल खाली उतरायच्या भोकांवर फडकं दाबतात, तशी मी माझ्या फाटक्या शर्टाची बाही दाबली. मिस्त्रींची सात फडकी असतात, सात खिळ्यांवर. सातही परत टांगल्याशिवाय ते झाकण लावत नाहीत. खिळे मी रोज बघत होतो, कशाला ते कधी विचारलं नाही. तेवढ्यात रस्त्यावर कुणाचा तरी घोडा सुटला. मी बघायला धावलो, परत आलो, झाकण लावलं. बाही आतच.

दुसऱ्या दिवशी मामा चढावर असताना इंजिनाने खडखड केली आणि जाम झालं. बाहीच्या चिंध्या तळाच्या चेंबरमध्ये जाऊन तेलाच्या जाळीला चिकटल्या असणार. तेल वर चढलंच नसणार. मामाचा फोन कानाला असतानाच मला हे कळलं होतं.

मिस्त्रींच्या अंगणात मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "तीस वर्षं डोळे मिटून गाडी दिली, आणि तू ती मारलीस."

"अरे, उघडून तर बघू दे," मिस्त्री म्हणाले.

"आता हात लावलास तर याद राख!"

मी तिथेच नळाशी काळे हात धूत होतो. धूतच राहिलो. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरा, साबण घे."

ते दोघं त्या दिवसापासून बोलत नाहीत. मिस्त्रींची गिऱ्हाइकं तुटली. मी भटकत सुटलो. लोकांना वाटतं, हौस.

म्हणून गाडी ताईला, एका अटीवर: इंजिन बदलू नये. मामाच्या डोळ्यांसमोर मिस्त्रींनीच ते उघडावं. चिंध्यांवर निळ्या पट्ट्या दिसतील. तो शर्ट ताईनेच मला दिला होता. मग मामाने त्याच अंगणात, सगळ्यांदेखत, मिस्त्रींची माफी मागावी. पुढे बांधायचं की बदलायचं, हे मिस्त्री ठरवतील. ब्लॉकला तडा असेल तर खुशाल फेका.

पाच. हे मी मेल्यावर वाचलं जाईल असं लिहिलं, यात शहाणपण काही नाही. मामाचा चेहरा बघायला लागू नये, एवढीच माझी सोय.

साक्षीदार पहिले: शेजारच्या खाटेवरचे निवृत्त पोस्टमन. वाचून म्हणाले, "अक्षर वाईट, मजकूर त्याहून वाईट." तरी सही केली.
साक्षीदार दुसऱ्या: दुपारपाळीच्या सिस्टर.
ठिकाण: चार नंबरचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. तारीख सोळा, दुपारचे सव्वातीन.
सही: भिंगरी

सह्यांची शाई वाळायच्या आत सिस्टर परत आल्यात. म्हणतात, "तुमच्या मामांना कळवलं होतं, पण आलंय दुसरंच कोणी. मिस्त्री म्हणून सांगतात, तुमच्या ताईकडून कळलं म्हणे. पोराला रक्त लागलं तर माझं घ्या म्हणतात, आणि दारातच उभे आहेत, आत येऊ का विचारतायत."