चार ठिकाणी बांधलेली लड

नगर,
रविवार, ता. २८ नोव्हेंबर १९४३

प्रिय ताईस,
राहेलचा सप्रेम सलाम.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. बाबांचा खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, बाजारच्या दिवशी जनावरांच्या धुरळ्यात उगाच उभं राहू नका. मी खुशाल आहे.

थंडी यंदा कडक आहे. सकाळी हौदाच्या पाण्यात हात घातला की बोटं आपली राहत नाहीत. शाळा सुटली की आम्ही सगळ्या बोर्डिंगच्या ओसरीवर उन्हात बसतो. ऊन सरकलं की आम्हीही सरकतो. मांडीवर लोकर, शेजारी भाजलेल्या शेंगा. टरफलं लोकरीत गेली की विणकामाच्या लंकाबाईंची बोलणी खायची. सैनिकांसाठी मोजे आणि कानटोप्या चालू आहेत, माझे बारा जोड झाले. मधूनमधून क्रोशाची सुई घेते, नाताळच्या विक्रीसाठी रुमालांना कडा करायच्या आहेत. तू शिकवलेली कमळाची कड पुष्कळ जणी मागतात. मी सरळ नाही म्हणते.

लंकाबाई बदलल्या नाहीत. सैनिकांच्या खाकी लोकरीची प्रत्येक लड अजून स्वतः बांधतात, पांढऱ्या सुतानं, चार ठिकाणी, करकचून. "सैल ऱ्हायली तर कुनी मधनं लोकर काडली, कळायचं न्हाई," म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. मी चोराची बहीण ना!

बघू देत. गेल्या जानेवारीत सहा लडी गेल्या, सगळ्यांच्या पेट्या तपासल्या, कुणाकडेच काही सापडलं नाही, आणि तरी तुला घरी पाठवलं. तुझं एकच वर्ष राहिलं होतं. आता मिशनची एकही शाळा तुला दारात उभी करत नाही, आणि घोडेगावात बायका तुला पाहून घागर बाजूला सरकवतात. हे तू लिहीत नाहीस, बाबा लिहितात. सगुणाताई, जिनं कुणी हे केलं तिला मी सोडणार नाही.

तू विचारतेस, पेटीत काही नव्हतं तर मोठ्या बाईंनी तुझंच नाव का धरलं. मला काय ठाऊक?

एक गंमत सांगते. शलमोन पाळकांची मेरी, तुझ्या शेजारच्या खाटेवरची, हल्ली माझ्यावर फार माया करते. तिचा किरमिजी स्वेटर तंग झालाय. तो उसवून नाताळसाठी मीच नवा विणावा असा तिचा लाडिक हट्ट आहे. तिला स्वतःला दोन सुया धड धरता येत नाहीत. जुनाही मावशीनं विणून दिलेला. मी हो म्हटलं. प्रार्थनेची घंटा झाली, थांबते.

तुझी,
राहेल

नगर,
रविवार, ता. १२ डिसेंबर १९४३

प्रिय ताईस,
सलाम. हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

मेरीचा स्वेटर उसवायला घेतला. खुर्चीच्या पाठीला लोकर गुंडाळत होते. किरमिजी धागा चाललाय आणि मध्येच बोटाच्या पेराएवढा खाकी. पुन्हा किरमिजी, पुन्हा खाकी. आधी वाटलं रंग उडाला असेल. मग मोजलं. दोन ठिपक्यांमधलं अंतर दर वेळी सारखंच! तशीच उठले, सैनिकांच्या पेटीतली एक लड आणली आणि तिच्या दोन बांधण्यांमधल्या अंतराला धागा लावून पाहिला. तंतोतंत.

तुला कळलंच असेल. लड रंगात बुडवण्याआधी बांधणी सैल करायची, नाहीतर सुताखाली रंग शिरत नाही, हे आपल्याकडच्या पहिल्या वर्षाच्या पोरींनाही येतं. मेरीबाईंना येत नव्हतं. "लोकर सुट्टीत मी स्वतः रंगवली," असं वर अभिमानानं सांगते. मावशीच्या विणीत ते ठिपके इकडेतिकडे पसरले होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

मी लंकाबाईंच्या खोलीकडे निघाले होते. दारापाशी थांबले. आत गेले असते तर काय झालं असतं? मेरी रडली असती, पाळकांना बोलावून चहा दिला असता आणि प्रकरण तिथल्या तिथे मिटलं असतं. तुला मात्र भरल्या पंगतीतून उठवलं होतं. पेटी डोक्यावर घेऊन तू फाटकाकडे चाललीस तेव्हा साठ मुली ओसरीवर उभ्या होत्या. तिचंही साठ जणींसमोरच व्हायला हवं.

म्हणून विणते आहे. पुढचे दोन्ही भाग दोन गुंड्यांतून आलटूनपालटून विणले, त्यात ठिपके हरवून गेले. पाठ मात्र मनासारखी. एका ओळीला लडीचा बरोबर एक वेढा लागेल एवढेच टाके घेतले. हात जरा सैल पडला की ठिपका जागा सोडतो. तीनदा उसवलं. आता खाकीवर खाकी बसतोय आणि कमरेपासून मानेपर्यंत चार पट्टे चढताहेत. नाताळला देवळात मुली पुढच्या बाकांवर असतात, लंकाबाई त्यांच्या मागच्या.

काल मेरीनं पाठ पाहिली. ती म्हणाली, "अगं बाई, पट्टे! असं पुण्यातसुद्धा बघायला मिळायचं नाही. कसं केलंस गं?" म्हटलं, तुझ्या लोकरीचाच गुण. खूश होऊन तिनं मला रेवड्या दिल्या. मी खाल्ल्या, ताई. गोड लागल्या.

तू म्हणशील, क्षमा कर. रोज सकाळी प्रार्थनेत मीही तेच म्हणते आणि दुपारी विणायला बसते.

त्या दिवसाबद्दल तू पुन्हा विचारलं आहेस. नाताळ होऊ दे.

तुझी,
राहेल

नगर,
रविवार, ता. २६ डिसेंबर १९४३

प्रिय ताईस,
सलाम. बाबांना आणि तुला नाताळच्या शुभेच्छा.

झालं एकदाचं. देऊळ भरलं होतं. पट्टे दिसावेत म्हणून मेरीनं पदर स्वेटरच्या आत घेतला होता. दुसऱ्या गीताला आम्ही उभ्या राहिलो आणि मागे लंकाबाईंचा आवाज थांबला. त्या केवढ्यानं गातात तुला ठाऊक आहे; थांबल्याचं सगळ्यांना कळलं. मी वळून पाहिलं नाही. मी पुढचं कडवं मोठ्यानं म्हटलं.

उपासना संपल्यावर माणसं अंगणात एकमेकांना भेटत होती. लंकाबाईंनी मेरीचा दंड धरून तिला पाठमोरी केली आणि चार पट्ट्यांवर चार बोटं ठेवली.

"ही लोकर कुटली गं?"

"बाबांनी आणली. पुण्याहून."

"पुन्यात खाकी कुनी इकली त्यास्नी? आन् ह्या चार जागा कुनाच्या हायेत, मला वळकू येत न्हाईत व्हय?"

"रंगाचे डाग आहेत ते," मेरी म्हणाली. पाळकसाहेब जवळच उभे होते. ते म्हणाले, "मेरी, मी कधी लोकर आणली?"

तेव्हा मी पुढे झाले. उरलेला धागा आणि पेटीतली एक बांधलेली लड मी बरोबर नेली होती. मोठ्या बाईंसमोर पायरीवर लड ठेवली आणि धागा तिच्या वेढ्यावरून फिरवला. प्रत्येक पांढऱ्या बांधणीशेजारी एक खाकी ठिपका आला. मुली माना उंचावून बघत होत्या. मेरी पायरीवर बसली आणि तिनं सगळं कबूल केलं: सहाही लडी तिच्या वळकटीत होत्या, तपासल्या फक्त पेट्या. पाळकांनी हातातली टोपी घट्ट धरली होती. त्यांच्याकडे पाहून मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

दुपारी ती खोलीवर आली. माझे हात धरून म्हणाली, "राहेल, क्षमा केली म्हण. एकदा म्हण." मी म्हटलं, "स्वेटर काढून ठेव. त्यातून सैनिकांचे मोजे होतील." आज सकाळी वडील तिला टांग्यातून घेऊन गेले.

मोठ्या बाई उद्या तुला पत्र टाकणार आहेत. जानेवारीत ये आणि वर्ष पुरं कर. येत्या रविवारी देवळात तुझं नाव निर्दोष म्हणून वाचलं जाईल. तुझं जे गेलं होतं ते परत मिळालं, ताई.

आता उरलेलं लिहिते. टांग्यात चढताना मेरी सगळ्यांसमोर म्हणाली, "लडी मी घेतल्या. पण सगुणाचं नाव मी घेतलं नव्हतं. ते तू घेतलंस."

खरं आहे ते.

पेट्या तपासल्या त्या संध्याकाळी मेरीच्या देखत लंकाबाईंनी मला विचारलं, तुझी बहीण लोकरीबद्दल काही बोलली होती का? मी म्हटलं, हो, ताई म्हणाली होती, कुठूनही लोकर आणीन पण तुला या थंडीत स्वेटर विणून देईन. माझी ताई किती चांगली आहे तेच मी सांगत होते, एवढं समज. लंकाबाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मला कळलं. तेव्हा आणखी काही बोलले असते तर कदाचित थांबलं असतं. मी गप्प राहिले, कारण त्या क्षणी मलाही वाटलं की तूच घेतलीस. माझ्यासाठी घेतलीस. आणि मला बरं वाटलं. पुढे महिनाभर मी घोडेगावहून येणाऱ्या पार्सलाची वाट पाहिली.

पार्सल आलं नाही तेव्हा समजलं मी काय केलं ते. तेव्हापासून चोर शोधत होते. चोर सापडली की माझं मिटेल असं वाटायचं. मिटलं नाही.

मेरीला तू क्षमा करशील, तुझा स्वभावच तो. मी करणार नाही. पण एवढं ऐक: आम्हा दोघींना एकाच ओळीत क्षमा करू नकोस. तिच्याबद्दल काय लिहायचं ते मोठ्या बाईंना लिही. माझ्याबद्दल काही लिहूच नकोस. मी मोटार अड्ड्यावर येईन. चार माणसांत, पेटी खाली ठेवून, जे बोलायचं असेल ते तोंडावर बोल. मी मान खाली घालणार नाही.

जिनं तुझं नाव सांगितलं ती,
राहेल