आईच्या चुलीचे दगड

मार्सेलिनो,

मोठ्या बहिणीने आधी आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते. मनात आज शिव्याच आहेत.

मी बरी आहे. खोकला खोदकामाच्या धुळीचा आहे, आईला सांगू नकोस.

काल तुझा मेव्हणा दोमिंगो इथे कामाला आला. तू घरात सिमेंट ओतलंस, गॅस आणलास आणि आईच्या चुलीचे तिन्ही दगड डुकरांच्या कुंपणाला लावलेस, हे त्याने हसत हसत सांगितलं. वर तू म्हणालास म्हणे, "काळे दगड ते, त्यांचं काय एवढं?"

माझी नाळ त्याच चुलीखाली पुरली आहे. तुला ठाऊक होतं.

इथे आम्ही हजार वर्षांपूर्वीचं एक साधं घर उकरतोय. सोमवारी त्यात असेच तीन काळे दगड लागले. एकाने पहार उचलली, तशी आमची मुकादमीण ओतिलिया त्याच्यावर खेकसली, "मेल्या, कुणाच्या चुलीत पाय घालतोस?" तेव्हापासून मी ती राख कुंच्याने झाडतेय.

आज त्या चुलीशेजारी, जमिनीखाली, एक म्हातारी सापडली. दात झिजलेले, उशाला वाडगा. मेल्यावरही तिच्या पोरांनी तिला चुलीपासून हलवलं नव्हतं.

आई जेवते का? दोमिंगो सांगत होता, गॅसवरची भाकरी ती बाजूला सारते आणि दिवसभर डुकरांपाशी जाऊन बसते. तू म्हणतोस, तिचं डोकं फिरलंय.

गाढवा, ती चुलीपाशी बसलीये.

शनिवारी येतेय. पहार तयार ठेव.

तुझीच, नाइलाजाने,
हर्मेलिंडा