टक्क्याच्या पुढची ओळ

४ मार्च
अहवाल मांडायची नवी संगणक-प्रणाली, आठवड्यात शिका म्हणे! साहेबांचं काय जातंय बोलायला. पान डोळ्यांसमोर दिसतच नाही. आधी नुसते हुकूम लिहायचे — हे शीर्षक, हा तक्ता, इथून नवा भाग — मग बटण दाबायचं आणि देवाचं नाव घेऊन बसायचं. एक कंस विसरला की अख्खा अहवाल रुसतो. नाव लाटेक. लाथ घालावीशी वाटते म्हणून असेल.

७ मार्च
जमतंय! मधेच एक आकृती घुसवली तर पुढचे सगळे क्रमांक गुमान सरकले. मी मेली वीस वर्षं हातानं बदलत बसले. आमच्या प्रयोगशाळेचा पाणी-तपासणीचा अहवाल यातच करायचा, ठरलं.

मोठ्या बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. छापायला जाण्याआधीचं शेवटचं वाचन त्यांचं, एकतीस वर्षं. "मला यातलं ओ की ठो कळत नाही गं. मला आपलं कागदावर काढून दे." जूनमध्ये निवृत्त होतायत, पण साहेब दोन वर्षांची मुदतवाढ देणार आहेत. घरी बसले तर गंजून जाईन, म्हणतात.

११ मार्च
आजचा धडा — टक्क्याचं चिन्ह. इथे त्याचा अर्थ ‘या ओळीतलं इथून पुढचं छापू नकोस’! चक्क गिळतं, आणि वर तक्रारही नाही. खरा टक्का हवा असेल तर आधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची. सगळे टक्के शोधशोधून रेघा मारल्या. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "असं चिन्ह तुझ्या तोंडाला लावता येतं का बघ." चावट मेले!

१९ मार्च
बाईंचं वाचून झालं. अठ्ठेचाळीस पानं, तीन चुका. तिन्ही माझ्या.

निघता निघता साहेब दारातूनच — "पान बावीस, अठ्ठ्याऐंशी नाही, नव्वद टक्के करा. आणि पाठवून द्या." केलं, पाठवलं. एका आकड्यासाठी बाईंना परत कशाला बसवायचं?

३ एप्रिल
अहवाल छापून आला, वाटलाही. दुपारी एका शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन. "आमच्या टाकीचं पाणी उकळूनच प्यायचं, असं तुमचा माणूस सांगून गेला होता. यात तर काहीच नाही!"

पान बावीस उघडलं. ‘तपासलेल्या नमुन्यांपैकी ९०’ — आणि तिथून एकदम ‘पुढील तपासणी सप्टेंबरमध्ये’. टाकीचं वाक्य गायब. नशीब, अजून कोणी आजारी पडलेलं नाही.

साहेबांनी विचारलं, शेवटचं वाचन कोणाचं? बाई म्हणाल्या, "माझं." चष्मा वर केला, खाली केला, पान डोळ्यांशी नेलं. "एवढं वाक्य तुटलेलं... मला दिसलं कसं नाही?"

जागेवर येऊन फाईल उघडली. नव्वदच्या पुढे टक्का. नुसता. रेघ नाही. उठून सांगायला कितीसा वेळ लागला असता?

नाही सांगितलं.

४ एप्रिल
बाईंनी वाचलेल्या प्रतीत ते वाक्य आहे. शेजारी त्यांची बरोबरची बारीक खूण. ते पान मी आज फाडलं. तुकडे पर्समध्ये घालून घरी आणले, चोरासारखे.

८ एप्रिल
दिवसभर शुद्धिपत्रं चिकटवली. बाई शेजारी बसून चिकटवत होत्या आणि माझीच समजूत घालत होत्या — "तू कशाला तोंड पाडून बसलीस? तू नवं शिकलीस, कौतुक आहे. माझंच वय झालं." शरम वाटते लिहायला. मी मान डोलावली!

१० एप्रिल
मुदतवाढ नाही. साहेब म्हणाले, "बाईंची नजर आता पूर्वीची राहिली नाही."

१४ एप्रिल
बाई आता प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून वाचतात. दोनदा. तरी मला विचारतात, "हे बरोबर आहे ना गं?" एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यात. ह्यांना सांगितलं सगळं. हे हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला सांगून काय उपयोग?"

२१ एप्रिल
साहेबांच्या नावानं पत्र लिहिलं. चूक माझी, पान फाडलं तेही. हातानंच लिहिलं. उद्या आधी बाईंना सांगायचं, मग पत्र द्यायचं. नोकरी गेली तर गेली.

२२ एप्रिल
बाईंच्या घरी गेले. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या — उजव्या डोळ्यात काचबिंदू. अगदी सुरुवातीलाच सापडला, नजर वाचेल. "ती ओळ सुटली म्हणून गेले बाई, नाहीतर मी कसली जातेय!" हसत होत्या. चहा टाकला.

क्षणभर वाटलं, झाकली मूठ. पण सांगितलं. एका दमात, खाली बघून.

बाईंनी चहाखालचा गॅस बंद केला. मग एकदम बारीक आवाजात — "म्हणजे मी सोडली नव्हती?"

आणि रडायला लागल्या.