२१७ नंबरच्या खांबाचा नवस

१ नोव्हेंबर १९६६, मंगळवार. साखरखेर्डा.
आजपासून रोज लिहायचं ठरवलं. माझ्यासारख्या लाइनमनचा अनुभव वाया जाऊ नये. मेहकरपासून इथल्या पोस्टापर्यंतची टेलिफोनची लाइन माझ्या एकट्याच्या ताब्यात आहे. खांबावर चढून तारेला हँडसेट लावला की बिघाड कुठे आहे ते मी नुसत्या आवाजावरून सांगतो. असा कान खात्यात दुसऱ्या कोणाला नाही. तसं अजून कोणी बोललेलं नाही, पण दिसतंच.

कौशल्या परवा माहेरी गेली, डोणगावला. कारण क्षुल्लक. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेला नेतो असं म्हणालो होतो. ती नवं लुगडं नेसून सकाळपासून स्टँडवर बसली आणि मला एका खांबावर जरा वेळ लागला. संध्याकाळ झाली. मी पोचलो तर ती मेहकरच्या एसटीत चढलेली. खिडकीतून एवढंच म्हणाली, तुमाले तारेतलं सारं आयकू येते, घरातलं काऊन आयकू येत नाही? मी शांतपणे सांगितलं, राग गेला की रविवारी सकाळी दहाला पोस्टात फोन कर. तिचे मामा भगवानराव यांच्या अडत दुकानात फोन आहे. हाव म्हणाली.

निश्चय: घंटी वाजल्याबरोबर उचलायचा नाही. तीनदा वाजू द्यायची.

३ नोव्हेंबर, गुरुवार
लाइनमध्ये खरखर होती. २१७ नंबरच्या खांबावर चढून लूप टाकला. म्हणजे दोन तारांच्या मध्ये एक लहान तुकडा जोडला. तो असेपर्यंत पुढे फोन जात नाही, पण टेस्ट पक्की होते. काम संपलं की तुकडा काढायचा. नवे लोक काढायला विसरतात. माझ्या तुकड्याला कौशल्याने लुगड्याचा लाल काठ बांधून दिला आहे, वर राहिला तर खालून दिसावा म्हणून. मी विसरत नाही. पण बायकांचं मन मोडू नये.

मेहकरचा ऑपरेटर पुंजाजी टेस्ट ओके म्हणाला आणि त्याच क्षणी बाजूच्या कडुनिंबावरचं आग्यामोहोळ उठलं. मी शिस्तीत खाली आलो. शिस्तीतच उकंडरावच्या तुरीत शिरलो. उकंडराव बांधावर उभा राहून हसत होता. म्हणे, तुरीत काऊन लोळून राह्यला बे इंद्रभान? मी उत्तर दिलं नाही. ओठ सुजले होते.

हँडसेट, पक्कड, दोर, सगळं सामान बरोबर आणलं. एक चप्पल तेवढी राहिली.

४ नोव्हेंबर
चेहरा अजून सुजलेला. डावा डोळा बंद. घरात हळद कुठे ठेवतात ते कळलं नाही. आरशात बघितलं आणि हसू आलं, पण एकट्याने हसणं बरं दिसत नाही म्हणून थांबलो.

६ नोव्हेंबर, रविवार
आंघोळ. तांब्यात निखारे घालून शर्टाला इस्त्री केली. फोनमधून शर्ट दिसत नाही हे मला माहीत आहे.

नऊपासून पोस्टात बसलो. रविवार, त्यामुळे बाकी कोणी नाही. मी आणि फोन. दहा वाजले. अकरा. बारा.

नाही आला. म्हणजे राग आहे अजून. असू दे. माझाही आहे.

संध्याकाळी पोस्टमास्तर महादेवराव म्हणाले, काय हो, तीन दिवस झाले फोन वाजलाच नाही, लाइन पाहा जरा. मी समजावलं की गावात कापसाची वेचणी चालू आहे, बोलायला कोणाला सवड नाही. त्यांना पटलं. निदान ते गप्प बसले.

८ नोव्हेंबर, मंगळवार
फोनचं हँडल फिरवलं. पुंजाजी नाही, खरखर नाही, काहीच नाही. लाइन मेलेली.

म्हणजे कौशल्याने केला असेल! केलाच असेल. लाइनच बंद, ती बिचारी काय करणार? एकदम बरं वाटलं. फार बरं वाटलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या, करपलेल्या होत्या तरी.

निश्चय: रविवारच्या आत लाइन चालू. रविवारी पाडवा आहे. पाडव्याला ती नवऱ्याशी अबोला धरणार नाही. दोन दिवसांचं काम.

९ नोव्हेंबर
लूपचा तुकडा पिशवीत नाही. चोरी. महादेवरावांच्या अंगणात धुणं वाळत घालायची तार नवी दिसते. आत्ताच काही बोलत नाही.

मेहकरकडून निघून एकेक खांब तपासला. २१० पर्यंत पुंजाजी स्पष्ट बोलतो. तो काहीतरी सांगू लागला होता, पण टेस्टिंगच्या वेळी गप्पा नकोत म्हणून मी तोडलं. २२५ वर चढलो तर पुंजाजी गायब. म्हणजे बिघाड या दोहोंच्या मध्ये. पण त्यातला २१७ मी स्वतः सहा दिवसांपूर्वी केला आहे, तिथे बिघाड असणं शक्य नाही. तो सोडून बाकीचे बघितले. सगळे चांगले. हँडसेटच बिघडला असावा.

(मधमाश्यांना मी भीत नाही. वेळ वाया जाऊ नये, एवढंच.)

११ नोव्हेंबर, शुक्रवार
बिघाड सापडला! २१२ वर कावळ्याचं घरटं, त्यात तारेचा तुकडा. कावळ्यांनी डोक्यावर चोची मारल्या, पण घरटं काढलं. उकंडरावला सांगितलं, बघ, याला म्हणतात नजर.

पोस्टात आलो. हँडल फिरवलं. काही नाही.

कावळ्यांचं घरटं उगीच मोडलं. तेही दोघं होते.

१२ नोव्हेंबर. दिवाळी.
२१० ते २२५ चे, तारा ज्यांना बांधतात ते चिनी मातीचे कप पुसले. २१७ चे सोडून. २१७ च्या बुंध्याला कोणीतरी हळदकुंकू वाहिलं आहे. उकंडरावची बायको गोजरबाई तिथे पणती लावत होती. विचारलं, तर म्हणे, खांबाले कोणं तरी नवस बांधला जी, मीनं बी बोलला, म्हैस हरपली होती थे सापडली. मी तिला सांगितलं, हे सरकारी लोखंड आहे, यात देव नाही. खाली मान घालून ती पणती लावत राहिली. अडाणीपणाला काय म्हणावं. रागाने वर न बघता तसाच निघालो.

पोस्टमास्तरांच्या रुक्मिणीबाईंनी चकल्या पाठवल्या. चांगल्या आहेत. तारेची चोरी माफ केली.

१३ नोव्हेंबर, रविवार. पाडवा.
लाइन बंद आहे हे माहीत असून पोस्टात जाऊन बसलो. का ते सांगता येत नाही. दहा वाजता उठून सरळ उभा राहिलो. अकराला बसलो.

दरवर्षी पाडव्याला ती ओवाळते आणि मी म्हणतो, लवकर आटप, लाइनवर जायचं आहे. आज कुठेच जायचं नव्हतं.

फार एकटं वाटलं. दमल्यामुळे असेल.

१६ नोव्हेंबर
भाऊबीज झाली, म्हणजे माहेरचं काम संपलं. ती आता येईल. स्टँडजवळचा खांब तपासायला गेलो. योगायोगाने मेहकरची एसटी त्याच वेळी येते. सगळे उतरले, ती नाही. कंडक्टर म्हणाला, काय लाइनमन, रोज हाच खांब काऊन खराब होते? मी म्हणालो, इथली माती भुसभुशीत आहे.

सरळ डोणगावला गेलो तर? इथून अर्ध्या दिवसात पोचेन. पण मग माझी चूक होती असा अर्थ निघेल. शिवाय लाइन बंद असताना लाइनमनने गाव सोडणं योग्य नाही.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार
आता खात्री पटली की संपूर्ण तारच जुनी झाली आहे. बुलढाण्याला इन्स्पेक्टर साहेबांना कळवलं: मेहकर ते साखरखेर्डा सर्व तार नवीन द्यावी. कारणं दिली: कावळे, गोफणीचे दगड, आणि उकंडरावचा बैल २१५ ला पाठ घासतो.

उकंडराव भेटला. म्हणे, २१७ वर चढत काऊन नाही? मोहोळ म्या कवाच काढलं, मध बी खाऊन झाला. म्हटलं, मोहोळाचा प्रश्नच नाही, त्या खांबाची गॅरंटी माझी आहे. तो म्हणे, हाव, गाव बी तेच म्हणते, लय जागृत खांब हाय. आता चार-पाच बाया येतात तिथे. दोन नारळ फुटले.

२० नोव्हेंबर, रविवार
पोस्टात. दहा वाजता बंद फोन कानाला लावला आणि बोललो. टेस्टिंग म्हणून.

म्हणालो, हॅलो कौशल्या. मधमाश्या चावल्या होत्या मला. एकवीस ठिकाणी. आता बरं आहे. हळद कुठे ठेवलीस? त्या दिवशी यात्रेला नेलं नाही ते चुकलं. खांबावर काम दुपारीच संपलं होतं. पण वरून पुंजाजीशी गप्पा मारत बसलो, तो माझ्या कामाची तारीफ करत होता. तू स्टँडवर बसली आहेस हे मला वरून दिसत होतं. लाल काठ दिसत होता.

कोणी ऐकत नसलं की मी चांगलं बोलतो. हे सगळं असंच्या असं फोनवर बोलायचं. लाइन चालू झाली की लगेच. तीन घंट्या वगैरे नाही, पहिलीलाच उचलायचा.

२४ नोव्हेंबर, गुरुवार
साहेब जीपने येऊन गेले. मी नव्या तारेचं बोलणं काढलं. माझ्याकडून तपासलेले नंबर घेऊन ते २१० वर थांबले, मग २२५ वर, आणि मागे चालत येऊन २१७ खाली उभे राहिले. खाली नारळाच्या शेंड्या, तेल, कुंकू. बाया बाजूला सरकल्या. साहेब मान वर करून बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, चढा.

चढलो. लूप तिथेच होता. दोन तारांच्या मध्ये, माझ्याच हातचा पीळ. लाल काठ वाऱ्यावर हलत होता. इतके दिवस खालून अख्ख्या गावाला दिसला, मला सोडून.

वरूनच ओरडलो, साहेब, कोणीतरी खोडसाळपणा केला आहे! साहेबांनी विचारलं, कापड कोणाचं? म्हणालो, माहीत नाही. गोजरबाई खालून म्हणाली, काऊन माहीत नाही जी, कौशल्याच्या यात्रेच्या लुगड्याचा काठ हाय थो, माह्यासमोरच फाडला होता तिनं. आमी म्हटलं, घरवाली माघारी यावी म्हून लाइनमननंच नवस बांधला.

खूप वेळ खाली उतरलो नाही. साहेबही घाई करा म्हणाले नाहीत. काठ सोडून खिशात घातला. गोजरबाई पदर डोळ्याला लावत होती. तिला वाटलं, मी नवस मोडला.

लाइन चालू. पुंजाजीचा आवाज आला तो आधी आनंदाने, मग जरा कमी आनंदाने. म्हणे, डोणगावहून बाईसायबाचा दर रविवारी दहाले फोन येऊन राह्यला होता. पहिल्या रविवारी म्या सांगतलं, लाइन बंद हाय. पाडव्याले बी सांगतलं. तवा निरोप ठेवला होता, भाऊबीज झाली का येतो, मेहकरच्या स्टँडवर घ्याले यायले सांगा. थे दिवसभर बसली होती म्हन्तात स्टँडवर. परवाच्या रविवारी बी फोन केला. इचारलं फक्त, ते खरंच लाइन पाह्यतात का?

पुंजाजीला विचारलं, तू काय सांगितलंस. म्हणे, म्या म्हटलं, त्याच्यावानी लाइनमन नाही.

२६ नोव्हेंबर, शनिवार
पोस्टात दिवसभर फोन वाजतो आहे. सगळे बोलतात. महादेवरावांच्या अंगणातली तार त्यांचीच आहे, मेहकरहून आणलेली.

उद्यासाठी सगळं पाठ केलं. मधमाश्या. मग यात्रा. मग वरून तू दिसत होतीस ते. हळद शेवटी. बोलायला तीन मिनिटं मिळतात, मी दोनमध्ये बसवलं आहे. एक मिनिट तिच्यासाठी.

ती ऐकेल. लाइनच बंद होती म्हटल्यावर कोणाचाही राग जाईल. ती कोणी बंद केली ते एकदम सांगायची गरज नाही.

सांगावं लागेल. सांगतो.

२७ नोव्हेंबर, रविवार
दहा वाजले. घंटी नाही. सव्वादहाला मीच हँडल फिरवलं आणि डोणगाव मागितलं.

भगवानराव मामा बोलले. आवाज अगदी स्वच्छ, जराही खरखर नाही. मागे काट्यावर ज्वारी ओतत होते तेसुद्धा कळत होतं. मी म्हणालो, कौशल्याला द्या. मामा म्हणाले, हे काय, इथंच उभी हाय, आणि फोन बाजूला धरला असावा. तिच्या बांगड्या वाजल्या. मग ती मामांना म्हणाली, हळूच म्हणाली, त्याहीले सांगा, लाइन लागून नाही राह्यली.

मामा खाकरले. मग मोठ्याने म्हणाले, हॅलो, जावईबापू, आयकू येऊन राह्यलं का?

हो म्हणालो. सगळं ऐकू आलं.